साखरमुक्त सभागृहात गोपीनाथ केणे

गोपीनाथ केणे यांनी सकाळी साडेआठला पोटात इन्सुलिन टोचून घेतलं आणि ताटातल्या दोन भाकऱ्यांपैकी दीड परत टोपलीत ठेवली. भरल्या पोटी सूर लागत नाही, हे त्यांचं जुनं मत.

"सुई घेतलीत ना? मंग जेवा नीट," त्यांची बायको गोदा म्हणाली. "तिकरं चक्कर आली मंजे?"

कार्यक्रम दहाला सुरू, अकराला खलास, मग जेवण, असं सांगून ते रिक्षात बसले. गोदाने गूळ-शेंगदाण्याच्या पाच लाडवांचा डबा पिशवीत टाकला आणि तीही बसली.

मोहन्याच्या आसपासच्या गावांत गोपीनाथांशिवाय हळद लागत नसे. तीस वर्षं ते मांडवात गात होते आणि तीस वर्षं त्यांच्यासमोर लोक मटण वाढून घेत होते. ठाण्याला, नौपाड्यातल्या हॉलमध्ये, श्रोते नुसते बसून ऐकतात अशी त्यांची माहिती होती. असे श्रोते मरण्याआधी एकदा तरी मिळावेत, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

ती पुरी करायला निघालं होतं नौपाड्यातलं मधुमेह मैत्री मंडळ. अध्यक्ष कर्णिकांनी फोनवर सहज विचारलं होतं, की तुम्हाला शुगर वगैरे? गोपीनाथ बोलून गेले, "आपल्याला काय होतंय साहेब, रोज गातो ना." कर्णिकांनी ते थेट पत्रिकेवर छापलं. 'रोज गा, साखर पळवा! जिवंत उदाहरण : गायक गोपीनाथ केणे.' आता जिवंत उदाहरणाला तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

दारातच 'सभागृह साखरमुक्त आहे' असा फलक होता आणि त्याखाली सेक्रेटरी प्रधानबाई टोपली घेऊन पिशव्या तपासत होत्या. लाडवांचा डबा सापडल्यावर त्यांनी तो दोन बोटांनी उचलला. गोदाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने डोळे मोठे केले.

"माझेच हायेत," गोदा म्हणाली आणि गोड खाणाऱ्या बायकांवरचं पाच मिनिटांचं व्याख्यान तिने निमूट ऐकलं. डबा आतल्या खोलीत गेला.

दहा वाजता दीपप्रज्वलन झालं. मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग एका डॉक्टरांचं भाषण, मग त्या डॉक्टरांचे गुरू असलेल्या डॉक्टरांचं भाषण. माजी नगरसेवक दोनच शब्द बोलायला उठले आणि पस्तीस मिनिटांनी बसले. मध्ये चहा आला, अर्थातच बिनसाखरेचा. पाहुण्यांचे सत्कार संपून गोपीनाथांच्या हाती माइक आला तेव्हा पावणेबारा झाले होते आणि इन्सुलिन आपलं काम चोख करत होतं.

पहिलं गाणं उत्तम झालं. लोक खरोखरच नुसते बसून ऐकत होते. गोपीनाथांना भरून आलं. दुसऱ्या गाण्याला मात्र कपाळावर घाम फुटला, बोटं थरथरू लागली, पाठोपाठ आवाजही. पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "कंप बघा कसा घेतलाय. हे शिकवून येत नाही."

"पैल खाडीच्या गं काठी," गोपीनाथ गायले आणि पुढचे शब्द गेले. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. मग पुन्हा. मग नुसतं "पैल" म्हणून ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. तबलजी गोंधळून थांबला. सभागृह मंत्रमुग्ध झालं. कर्णिकांनी डोळे मिटून मान डोलावली आणि ते पुटपुटले, "काय ठेहराव आहे."

गोदाला हा ठेहराव चांगला ओळखीचा होता. ती धावत आतल्या खोलीत गेली. डबा टेबलावर होता. उघडला तर आत शेंगदाण्याचं एक टरफल आणि बाजूच्या खुर्चीत तोंड पुसणाऱ्या प्रधानबाई.

"मी नुसतं तपासत होते," त्या म्हणाल्या.

गोदा तशीच रंगमंचावर गेली आणि नवऱ्याच्या हातातला माइक तिने काढून घेतला. "यांना शुगर हाय, दहा वर्सं झाली. आता उतरलीय. कोनाकडं काय गोड हाय का?"

साखरमुक्त सभागृहात आधी कोण कबूल करणार? मग मागून कुठूनतरी पर्सची चेन वाजली, आणि त्यानंतर दोनशे चेना एकदम वाजल्या. पेढे आले, चॉकलेटं आली, एका आजींच्या चष्म्याच्या घरातून दोन जिलब्या निघाल्या. माजी नगरसेवकांनी खिशातून आख्खी बर्फी काढली. कर्णिकांनी कोटाच्या आतल्या खिशातून चांदीची डबी काढली आणि ते खडीसाखर भरवू लागले. "घशासाठी ठेवतो," ते कोणी विचारलं नसताना म्हणाले.

पंधरा मिनिटांनी गोपीनाथ माणसांत आले. डोळे उघडताच त्यांना आपली पत्रिका आठवली आणि ते शरमेने अर्धे झाले. नौपाडा संपला, असं ते परतताना रिक्षात तीनदा म्हणाले. गोदा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

आठवड्याने कर्णिकांचा फोन आला. गोपीनाथांनी तो भीतभीत स्पीकरवर घेतला.

कर्णिकांनी पत्रिकेचं नावही काढलं नाही. "केणेबुवा, पुढच्या वर्षीही तुम्हीच. सभासदांचा आग्रह आहे. फक्त एक विनंती. पहिलं गाणं ठीक होतं, पण दुसऱ्यात जो ठेहराव होता ना, तो पुन्हा यायला हवा. जमेल?"

बुवा! तीस वर्षांत त्यांना कोणी बुवा म्हटलं नव्हतं. गोपीनाथ तो शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणून पाहू लागले. तेव्हा गोदाच फोनकडे वाकली.

"जमंल की," ती म्हणाली. "तुमची भाषनं तेवरीच लांब ठेवा."