फुकटातली वेबसाइट आणि साडूबुवा

वेबसाइट काढायचं मी ठरवलं ते धंदा वाढावा म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण माझे साडू. (हे आपल्यातच राहू द्या.)

आम्ही दोघंही पडदेवाले. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे, दांड्या ठोकून टांगून द्यायचे. धंदा एकच, सासरेही एकच. फक्त कौतुक सगळं त्यांच्या वाट्याला. मी थोरला जावई, ते धाकटे. पण सासूबाई मला ‘चहा घेणार का?’ असं विचारतात आणि त्यांना ‘चहासोबत काय देऊ?’ असं. यातला फरक ज्याला कळेल त्यालाच माझं दुःख कळेल.

तर एके सकाळी बायको मोबाइल नाचवत आली. “अहो, धाकट्यांनी वेबसाइट काढली! बघा तरी, किती देखणी आहे!”

“वेबसाइट देखणी आहे की पडदे?”

“दोन्ही. आणि फोटोत ते स्वतःही काय छान दिसतायत!”

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्याच गोळीने थांबणारं नव्हतं. त्याच दुपारी दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून बसलो. तेव्हा कळलं, की वेबसाइट नुसती बनवून भागत नाही. ती ठेवायला इंटरनेटवर जागा लागते. तिला होस्टिंग म्हणतात. ही जागा भाड्याने मिळते आणि चक्क फुकटही मिळते.

“भाड्याचीच घ्या,” बायको म्हणाली. “फुकट जागा द्यायला ते काय आपले मामा लागतात? धाकट्यांनीसुद्धा भाड्याचीच घेतलीय.”

झालं! हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर मी मुकाट्याने पैसे भरले असते. हात खिशाकडे निघालाही होता, तो मी अर्ध्या वाटेतून परत बोलावला.

“त्यांना व्यवहार कळत नाही!” मी गरजलो आणि ‘फुकट’वर बोट दाबलं. पुढे अटींची पानंच्या पानं होती. ती न वाचता मी सगळ्यात खालच्या ‘मान्य’वर टिचकी मारली. (लग्नाच्या वेळीही मी असंच केलं होतं.)

साइट झाली. पत्ता एवढा लांबलचक, की व्हिजिटिंग कार्डावर मावेना. आधी त्या फुकट्या कंपनीचं नाव, मग काही आकडे, आणि पार शेपटाला मी. उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात गिऱ्हाइकाने घरचे जुने पडदे धुऊन वाळत घातले असते. आणि सगळ्यात वर त्या कंपनीने जाहिरातींसाठी एक भलीमोठी पट्टी राखून ठेवली होती. ही त्या अटींमधलीच एक अट, असं मागाहून कळलं.

माझं मात्र पट्टीकडे लक्ष नव्हतं. माझं लक्ष साडूंच्या साइटवर. आज कुठला नवा फोटो टाकला, कुणी तारीफ केली, हे मी दुकान उघडल्यावर बघायचो, जेवताना बघायचो, शिडीवर चढून दांडी ठोकतानाही बघायचो. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली, तीही त्यांना मिळालेले पाच तारे मोजताना.

रविवारी सासरी सगळे जमले. बायकोने, माझं नाक वर राहावं म्हणून, जाहीर केलं, “आई, यांनीही वेबसाइट काढलीय!”

“अरे वा, दादा!” साडू उठलेच. “द्या तुमचा मोबाइल, मोठ्या टीव्हीवरच लावू.”

लावली. सगळे वाट बघत बसले. सासऱ्यांची एक डुलकी काढून झाली. अखेर साइट उघडली, आणि वरच्या पट्टीत साडू! हात जोडून उभे, टीव्हीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली लिहिलं होतं, ‘पडदे घ्यायचेत? मग आमच्याकडेच या!’

माझं नाव त्यांच्या बुटांखाली.

“हे काय?” मी ओरडलो. “माझ्या साइटवर तुम्ही कसे?”

“तसं काही नाही, दादा,” ते भाबडेपणाने म्हणाले. “ही माझी जाहिरात प्रत्येकाला नाही दिसत. जो माझी साइट पुन्हा पुन्हा बघतो ना, त्यालाच ती सगळीकडे दिसत राहते.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. (पडदा साडूंनीच लावलेला. शिलाई सरळ होती.)

तेवढ्यात सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “बघा, थोरल्यांचा धाकट्यांवर किती जीव! बोलून कधी दाखवलं नाही हो!”

साडूंनी मला कडकडून मिठी मारली. “दादा, ते फुकटचं सोडा. माझ्या भाड्याच्या जागेत एक कोपरा रिकामा आहे, तुमची साइट तिथे ठेवू. आणि पैशांचं नाव काढायचं नाही!”

मी नकार द्यायला तोंड उघडलं होतं, पण बायकोने ‘चालेल’ म्हणून टाकलं.

आता माझी साइट पापणी लवायच्या आत उघडते. जाहिरातीची पट्टी गेली. पत्ताही आटोपशीर आहे: आधी साडूंच्या दुकानाचं नाव, मग एक तिरकी रेघ, मग मी. परवा तिच्यावरून पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. बाईंचा आवाज मोठा गोड होता.

“वेबसाइट फार आवडली हो तुमची! सगळ्या घराचे पडदे करायचेत.”

“करू की!” मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. “माप घ्यायला कधी येऊ?”

“तुम्ही नको. एवढं मोठं काम शाखेला नाही द्यायचं मला. तुमच्या मुख्य दुकानाचा नंबर सांगता का?”

सांगितला. शोधावाही लागला नाही, तोंडपाठ होता.