कैरवीबेनचा दिवा विझेना

"आज हॉलमध्ये माशी जरी शिंकली, तर मला खुशाल हायवेवरच्या कारखान्याच्या गेटवर उभा करा, बेन," भिखूभाई उर्वाबेनला म्हणाला. छाती अशी फुगवून, की शर्टाचं दुसरं बटण रडकुंडीला आलं!

बेनच्या मनात तेच होतं. बडोद्यात त्यांची चित्रांची गॅलरी, हायवेवर त्यांचाच कारखाना, आणि हा गॅलरीतला अकरा वर्षांपासूनचा वॉचमन. माणूस सोन्यासारखा. पण मागच्या महिन्यात वाळलेल्या तुळशींचं प्रदर्शन लागलं, तर यानं दया येऊन रोज पाणी घातलं. शेवटच्या दिवशी तुळशींना पालवी! कलाकार रडत घरी गेला. बेननी बजावलं, आणखी एक घोटाळा झाला की कारखान्याच्या गेटवर बदली. आणि भिखूभाईचे गुडघे असे, की गेटवर दिवसभर उभं राहायचं म्हणजे संपलंच.

तर त्या संध्याकाळी सात वाजता, गॅलरी बंद झाल्यावर कार्यक्रम होता. कैरवीबेन नावाची कलाकार मुलगी हॉलच्या मधोमध मांडी घालून बसणार. पुढ्यात छिद्राछिद्रांचं मडकं, आत तुपाचा दिवा. इर्शाद ढोली मिनिटाला ढोलावर एक थाप मारणार. दिवा आपोआप विझेपर्यंत ती हलणार नाही की बोलणार नाही. तूप पाऊण तासाचं. भिखूभाईला हुकूम एकच, की दिवा कोणी विझवायचा नाही. एवढंच ना? त्यानं मिशीला पीळ दिला.

आवाजाची तक्रार नको म्हणून बेननी शेजारच्या सोसायटीतल्या बायकांनाही बोलावलं होतं. पुढे जशुमासी, मागे वीसेक जणी. आत येऊन बघतात तर मधोमध छिद्रांचं मडकं, त्यात दिवा, बाजूला ढोल. आता तुम्हीच सांगा, गुजरातेतल्या बाईला गरबा खेळायला आणखी काय लागतं? जशुमासी म्हणाली, नवरात्राला महिना आहे खरा, पण घट बसवलाय तर बसवलाय. चपला बाहेर गेल्या, पदर खोचले गेले, आणि पहिली टाळी पडली.

इर्शादनं थोडा दम धरला. पण तीन पिढ्या गरब्यात वाजवलेला हात तो! बायका फिरायला लागल्यावर थांबतोय कुठला?

भिखूभाईच्या डोक्याचा भुगा झाला. हा कार्यक्रम चाललाय, की कार्यक्रम बिघडलाय? विचारणार कोणाला? कैरवीबेन तर पुतळ्यासारखी बसलेली. कुणी तिला कुंकू लावलं, कुणी ओढणीत नारळ घातला. पाहुणे मोबाईलवर शूटिंग करत होते. दिवा तर कोणीच विझवत नव्हतं!

पाऊण तास झाला. ज्योत बारीक झाली. भिखूभाईनं सुटकेचा श्वास सोडला, तोच जशुमासीनं स्टीलच्या डब्यातून चमचाभर तूप ओतलं. ज्योत फुरफुरून उभी राहिली. पुन्हा बारीक झाली, पुन्हा चमचा. साडेआठ वाजले, तरी तेच.

बेननी त्याला कोपऱ्यात ओढलं. यानं विचारलं, विझवू का? त्या म्हणाल्या, खबरदार. मग चालू देऊ का? त्या म्हणाल्या, वेड लागलंय का तुम्हाला. शेवटी तो गुडघे सांभाळत रिंगणात शिरला आणि जशुमासीपुढे हात जोडले.

"मासी, आरती उरकून घ्या. गॅलरीला कुलूप लावायचंय."

"आरती करू की," मासी म्हणाली. "पण दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही. पाळ्या लावल्यात आम्ही. आज माझी."

कैरवीबेनचा डावा डोळा लवला. मग ओठ हलले.

"मासी," ती हळूच म्हणाली, "मला बाथरूमला जायचंय."

"मग जा की, बेटा. दिव्याकडे आम्ही बघतो."

ढोल थांबला. कैरवीबेन नारळासकट पळाली. बेन भिखूभाईकडे वळल्या, तोंड उघडणार एवढ्यात जशुमासीच बोलली. दुपारची पाळी कुणालाच जमत नाही, म्हणून तुपाचा डबा या भाईंच्या हवाली केलाय, यांना इथून हलवायचं नाही.

त्यामुळे नऊ दिवस तरी भिखूभाईची नोकरी पक्की आहे. दहाव्या दिवसाचं त्यानं अजून विचारलेलं नाही.