ओरखडा परत घेण्याची सुनावणी

धुळ्याच्या नाणे-परीक्षण कार्यालयात नाण्यावरचा ओरखडा परत घेता येतो. फक्त ज्या नाण्याने तो पाडला, त्या नाण्याला जातीने हजर राहावं लागतं. पुष्पाबाई भामऱ्यांना हे कळायला सहा वर्षं लागली, आणि कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज ठोकून दिला.

भानगड अशी होती. एका जुन्या धरणाला शंभर वर्षं झाली म्हणून शंभर रुपयांचं एक नाणं निघालं होतं. पुष्पाबाई आणि त्यांच्या थोरल्या जाऊ कोकिळाबाई, दोघींनाही नाण्यांचं वेड. दोघींनी एकाच दिवशी मागणी नोंदवली, दोघींची नाणी एकाच टपालाने आली आणि दोघींनी ती एकाच दिवशी तपासायला दिली. तपासणी सत्तरपैकी होते. सत्तर म्हणजे भिंगाखालीसुद्धा काही दिसत नाही. कोकिळाबाईंच्या नाण्याला सत्तर मिळाले आणि पुष्पाबाईंच्या नाण्याला एकोणसत्तर.

एक गुण गेला तो एका ओरखड्यापायी. लांबीला तिळाएवढा, रुंदीला केसाएवढा. तोच जर धरणाच्या भिंतीवर, त्या कोरलेल्या दगडांत पडला असता तर परीक्षकाच्या बापालाही दिसला नसता. पण तो मेला पडला वरच्या मोकळ्या आभाळात, जिथे नाणं आरशासारखं लख्ख असतं आणि धुळीचा कणही डोळ्यांत भरतो. मोकळ्या जागेतला ओरखडा परीक्षक माफ करत नाहीत.

यशवंतराव, म्हणजे पुष्पाबाईंचे यजमान, म्हणाले होते, "एवढंच ना? चिंच लावून घास की." त्यावर पुष्पाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. एका ओरखड्याने एक गुण जातो. घासलं की हजार बारीक ओरखडे उठतात आणि नाण्याला कोणी विचारत नाही. लक्ष्मीपूजनालासुद्धा दोघी जावा या नाण्यांचा फोटो ताटात ठेवत आणि हळदकुंकू फोटोला वाहत.

कोकिळाबाईंनी आपले सत्तर गुण कधी बोलून दाखवले नाहीत. पुष्पाबाईंना तेच जास्त लागायचं. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. पण कोकिळाबाई कसल्या बोलतात. पुष्पाबाईंच्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा सतरा रात्री उशाशी बसल्या, त्याबद्दलही त्या कधी बोलल्या नव्हत्या.

अर्जावर कार्यालयाने चौकशी केली. ओरखड्याची रुंदी मोजली, कोन मोजला, आणि तो टांकसाळीच्या पिशवीत शेजारच्या नाण्याच्या कडेचा एक्केचाळिसावा दाता घासल्याने पडला आहे असा निष्कर्ष काढला. शेजारचं नाणं कोणतं, तर कोकिळाबाईंचं. त्या नाण्याच्या नावाने रीतसर नोटीस निघाली. नाणं सहाच वर्षांचं, म्हणजे कायद्याने अज्ञान असल्यामुळे नोटीस पालक म्हणून कोकिळाबाईंनी सही करून घेतली, आणि लगेच देवपूरच्या आपल्या घरून फोन केला.

"पुष्पा, माझ्या नाण्याला बोलावणं आलंय गं. काय घेऊन यायचं असतं बरोबर?"

"काही नाही ताई," पुष्पाबाई कशाबशा म्हणाल्या. "हातमोजे तेवढे आणा."

सुनावणीच्या दिवशी दोघे भाऊ आपापल्या बायकांना घेऊन एकाच रिक्षाने आले. भाऊ खाली चहाच्या टपरीवर थांबले. कोकिळाबाईंनी हिरवं इरकल नेसलं होतं आणि नाण्याची डबी रुमालात बांधून आणली होती. दुसऱ्या पिशवीत भरीत आणि कळण्याच्या भाकरी होत्या, कारण सरकारी काम म्हटलं की जेवायची वेळ टळणार हे त्यांना ठाऊक होतं. दोघी बाकावर बसून जेवल्या. पुष्पाबाईंनी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

"ताई, तुम्हाला राग नाही ना आला?"

"राग कसला? ओरखडा माझ्या नाण्याने पाडलाय. त्याचं त्याने न्यावं."

"तुमचं एकोणसत्तरवर येईल."

"येऊ दे. सहा वर्षं तुझं पडलेलं तोंड बघतेय मी. मला त्याचा कंटाळा आलाय."

परीक्षण अधिकारी खैरनार हा शांत माणूस होता. त्यांनी दोन्ही नाणी चिमट्याने कडेला धरून घेतली आणि जबाब नोंदवायला सुरुवात केली. नाण्याचा जबाब उडवून घेतात. सिंहाची बाजू वर आली तर कबूल, आकड्याची आली तर नाकबूल. पडताना नवा ओरखडा पडू नये म्हणून खाली सावरीच्या कापसाची गादी असते. ती पिंजायला एक वेगळा शिपाई आहे. खैरनारांनी कोकिळाबाईंच्या नाण्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सिंह वर आला.

"नाणं प्रामाणिक आहे," खैरनार म्हणाले आणि त्यांनी तसं लिहून घेतलं. मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "आता दोन्ही पालकांच्या सह्या लागतील. त्याआधी कलम नऊ वाचून दाखवतो. ओरखडा परत घेतल्यावर, ज्या संपर्कामुळे तो पडला तो संपर्क कधी आलाच नव्हता असं धरण्यात येईल."

"नाण्यांचा ना?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"नाणी अज्ञान आहेत. त्यांना जे लागू होतं ते पालकांनाही लागू होतं."

"म्हणजे आमचाही संपर्क?"

"हो."

"किती वर्षांचा?"

"सगळाच. त्यात तुकडे पाडता येत नाहीत."

पुष्पाबाईंनी पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षं होत होती. लग्न होऊन आल्या तेव्हा भाकरी तव्यावर टाकताना हात भाजला होता आणि कोकिळाबाईंनी सासूच्या नकळत त्यांच्या वाटच्या भाकऱ्या थापल्या होत्या. त्यांना भीती वाटली. साहेबांना विचारावंसं वाटलं की थोडा ठेवता येत नाही का, निदान टायफॉइडचा. पण कापसावर त्यांचं नाणं ठेवलेलं होतं, आणि ते आभाळ एवढ्या एका रेषेवाचून किती नितळ दिसेल हे त्यांना समोर दिसत होतं. सहा वर्षं त्या दुसऱ्या कशाचा विचार करत नव्हत्या, हेही खरंच.

"नको ताई," त्या म्हणाल्या. "राहू द्या. जाऊ आपण घरी."

पण म्हणताना त्यांनी नाण्यावरची नजर काढली नाही, आणि कोकिळाबाईंना तेवढं पुरलं. त्यांनी पेन उचलून सही केली आणि पेन पुष्पाबाईंच्या हातात दिलं. "कर गं. एका घरातल्या बायका आपण. कागदाने काय तुटतंय."

पुष्पाबाईंनी सही केली. खैरनारांनी दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवून वर काचेचं झाकण घातलं, दहा मिनिटं घड्याळ लावून थांबले, झाकण काढलं, भिंगातून दोन्ही पाहिली आणि दोन्ही दाखल्यांवर शिक्का मारला.

पुष्पाबाईंना सत्तर मिळाले होते. दाखल्यावर लिहिलं होतं, 'सदर नाण्याचा कोणत्याही नाण्याशी संपर्क आलेला नाही.' आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारी हिरव्या इरकलातली एक बाई बसली होती आणि हातातला दाखला दूर धरून वाचत होती.

"तुमचंही नाण्याचंच काम होतं का?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"हो ना. एकोणसत्तर दिलेत. मोकळ्या जागेत ओरखडा आहे म्हणतात. माझं मेलं नशीबच तसलं."

"अहो, अर्ज करा तुम्ही. ज्या नाण्याने पाडला असेल ते शोधून हजर करायचं, की निघतो. माझा आत्ताच निघाला."

"कुठे शोधू?" बाई म्हणाली. "माझ्या ओळखीत नाणी जमवणारं दुसरं कोणीच नाही."

पुष्पाबाईंना वाईट वाटलं. बाई स्वभावाने चांगली दिसत होती. तिने पिशवीतून उरलेली अर्धी भाकरी काढून "घेता का?" म्हणून विचारलं. पुष्पाबाई संकोचाने नको म्हणाल्या.

खाली रिक्षा उभी होती. यशवंतराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मागे एक वयस्कर गृहस्थ होते. ती बाईही येऊन मागेच बसली. आजकाल रिक्षावाले शेअर घेतातच, तेव्हा पुष्पाबाई काही बोलल्या नाहीत. यशवंतराव सबंध रस्ताभर त्या गृहस्थांना दादा, दादा करत होते. कोणाशीही सलगी करायची त्यांची सवयच होती.

देवपूरला रिक्षा थांबली. गृहस्थ उतरले. मागोमाग बाई उतरली, पदर सावरला, आणि वाकून आत पाहत हसली.

"चला," ती म्हणाली. "या निमित्ताने तुमची ओळख झाली."