उभं राहण्याचं संगीत

लातूरच्या रविकिरणने आजवर फक्त लग्नांचं शूटिंग केलं होतं. त्यामुळे औशाजवळच्या ज्या शाळेत तो शिकला, तिच्या संस्थेनं अमृतमहोत्सवी माहितीपट त्याच्यावर सोपवला, तेव्हा आपण कलावंत झालो असा त्याचा समज झाला. सुरुवात त्यानं जिवापाड रचली. पडदा काळा, आधी शाळेची घंटा, मग पाढे म्हणणाऱ्या पोरांचा लांबून येणारा गलका, आणि मग हळूहळू उजळणारी इमारत.

संस्थेचे अध्यक्ष भीमाशंकरअण्णांनी ती डोळे मिटून ऐकली आणि त्रुटी काढली.

"घंटा तर रोजच वाजती. सुरुवात आशी पाहिजे की माणूस बसल्या जागी हादरला पाहिजे."

रविकिरणने मुकाट्यानं घंटा काढली. एका नवरदेवाच्या मांडवप्रवेशाचं संगीत त्याच्याकडे पडून होतं. नगारे, शंख, मागं बायकांचा चढत जाणारा आलाप. ते तिथं बसवलं. अण्णा प्रसन्न झाले.

समारंभाला सभागृह गच्च भरलं. दिवे मालवले, नगारे दणाणले, आणि पहिल्या रांगेतले अण्णा उठून उभे राहिले. अण्णा उभे म्हणून प्राचार्य, प्राचार्य उभे म्हणून शिक्षक, शिक्षक उभे म्हणून पालक. शंख वाजेपर्यंत सगळं सभागृह सावधान स्थितीत होतं. बसल्या होत्या फक्त विमलताई. याच शाळेतून निवृत्त झालेल्या, रविकिरणला पाढे शिकवलेल्या या बाईंचा त्या दिवशी सत्कार व्हायचा होता. शेजारच्यानं उठायला खुणावलं, तर त्या म्हणाल्या, "कशासाठी उठायचं ते सांगा, उठते."

ते कुणालाच सांगता येईना. म्हणून सगळ्यांना राग आला.

सत्कार स्थगित झाला आणि 'प्रारंभ-संगीत अवमान चौकशी समिती' गठित करण्यात आली. अवमान झाला याबद्दल समितीत दुमत नव्हतं. नेमका कशाचा झाला, एवढंच ठरत नव्हतं. तेव्हा तज्ज्ञ म्हणून रविकिरणला पाचारण करून विचारण्यात आलं, की सदर संगीत उभ्यानं ऐकण्याचं आहे की बैठकीचं.

खरं बोलावं तर संस्थेचं काम कायमचं जाणार, न बोलावं तर बाईंची नाचक्की. त्याला बाईच आठवल्या.

"सर, नवरदेव मांडवात येतानाचं म्युझिक आहे ते."

मग प्राचार्यांनी खुलासा केला, की हे विधान इतिवृत्तात घेता येणार नाही. घेतल्यास उपस्थित सर्व मान्यवर वऱ्हाडी ठरतात.

शेवटी खुद्द अण्णांना विचारलं. अण्णा मोकळा माणूस. ते म्हणाले, "मान कशाचा द्यायलो मी? खिशात फोन थरथरत होता. बसून निघंना, म्हणून उठलो."

समितीनं हेही विचारात घेतलं. फोन ही अध्यक्षांची खाजगी बाब, उभं राहणं मात्र सार्वजनिक, असा निष्कर्ष निघाला. यापुढं हे संगीत उभं राहण्याचंच समजावं, असा ठराव झाला. विमलताईंना वयाकडे पाहून माफी मिळाली आणि पुढच्या वेळी उठण्याच्या अटीवर सत्कारही. बाईंनी निरोप धाडला, की सत्कार राहू द्या, पण फिल्म बघायला मी येणार.

स्नेहसंमेलनात फिल्म पुन्हा लागली. आज उठायचं नाही असं घरूनच ठरवून आलेला रविकिरण मुद्दाम बाईंच्या शेजारी बसला. नगारे वाजले. पुढच्या खुर्च्या सरकल्या, मग मागच्या. आपल्या पाठीला शेकडो डोळे टोचताहेत असं त्याला वाटलं, आणि आलाप टिपेला पोचला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण उभे आहोत.

बाई बसून शांतपणे फिल्म बघत होत्या. रविकिरणला त्यांचा मनापासून राग आला. बसून राहून उठून दिसायची ही काय हौस, असं त्याला वाटलं. सगळ्या सभागृहाला तेच वाटत होतं. हे वाचून हसणारे आपण तिथं असतो, तर कितव्या रांगेत उभे असतो, एवढाच काय तो प्रश्न.