बाल्कनीसाठी सतरा पत्ते

आयपी अ‍ॅड्रेस बदलणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! गेल्या रविवारी सकाळी मी हे वाक्य मोठ्या तोऱ्यात म्हणालो. कुणापुढे? आरशापुढे! कारण माझा बेत घरात दुसऱ्या कुणाला कळून चालणार नव्हतं.

त्याचं असं झालं. आमच्या वाचनालयाची दरवर्षी 'सुंदर बाल्कनी' स्पर्धा असते. बाल्कन्यांचे फोटो वेबसाइटवर लावतात आणि लोक मतं देतात. आमची ही तीन वर्षं ओळीनं दुसरी येत होती. आणि पहिलं कोण? वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आणि त्यांचे निवडुंग! महिन्यातून एकदा पाणी दाखवलं तरी ज्यांचं भागतं, त्या काटेरी ठोंब्यांनी हिच्या गुलाबांना हरवावं? यंदा ही म्हणाली, "या खेपेला नाही जमलं ना, तर सगळ्या कुंड्या वाटून टाकणार आहे मी." हसत म्हणाली, पण ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

स्पर्धेचा नियम असा, की एका इंटरनेट जोडणीवरून एकच मत. साइट म्हणे आयपी अ‍ॅड्रेस बघते. म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या घराचा पत्ता. ठीक आहे, मग पत्ताच बदलला तर? मी नोंदणी कचेरीत हेडक्लार्क आहे. नियमातली फट दिसली की माझे हात शिवशिवायला लागतात!

ही बाजारात गेली आणि मी कामाला लागलो. आधी पत्ता लपवणारं एक अ‍ॅप फोनवर घेतलं. बटण दाबलं, तर मी क्षणात कुठल्याशा बर्फाच्या देशात जाऊन बसलो! साइट म्हणाली, 'ही स्पर्धा फक्त आपल्या गावापुरती आहे.' अ‍ॅप काढून टाकलं. मग मेजाखाली शिरलो, राउटरची पिन उपटली, वीसपर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा लावली. पत्ता नवा! फॉर्म भरला, मत दिलं, क्रमांक सात, आमची बाल्कनी. पुन्हा मेजाखाली. पुन्हा पिन. पुन्हा मत. सतराव्या मताला गुडघ्यातून असा आवाज आला, की म्हटलं आता पुरे.

तेवढ्यात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं काहीतरी घोळ घातला आणि अख्ख्या इमारतीची वीज मिनिटभर गेली. आली, तेव्हा मी पंख्याखाली पाय पसरून विजयाचा चहा पीत होतो. पंधराव्या मिनिटाला दारावरची घंटा वाजली.

दारात हेडमास्तर! नाकाचा शेंडा लालबुंद.

"हा काय चावटपणा आहे? मी माझ्या निवडुंगाला मत द्यायला बसलो, तर यंत्र म्हणतं, 'या ठिकाणाहून क्रमांक सातला मत मिळाले आहे. धन्यवाद!' कसलं धन्यवाद?"

त्यांच्या मागे शिवणवाल्या काकू. काकूंच्या मागे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांच्या मागे जिन्यावर आणखी पाच-सहा जण. सगळ्यांची एकच तक्रार!

"आलोच हं," म्हणून मी न्हाणीघरात घुसलो, कडी लावली आणि इंटरनेट कंपनीला फोन लावला.

"सर, तो पत्ता तुमच्या मालकीचा नसतो," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "कंपनी तो वापरायला देते. तुम्ही सोडलात, की दुसऱ्या कुणालातरी मिळतो."

"म्हणजे मी सकाळी सोडलेले पत्ते..."

"तुमच्या शेजाऱ्यांना मिळू शकतात, सर. वीज जाऊन आली असेल, तर नक्कीच. आणखी काही हवंय का?"

"एखादं बीळ हवंय. लपायला!"

बाहेर आलो, तर ही भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढून आलेली. आणि नेमके त्याच क्षणी हेडमास्तर गरजले, "माझ्या घरातून क्रमांक सातला मत गेलंय!"

हिच्या हातातल्या पिशव्या खाली टेकल्या. डोळे भरून आले.

"सर... तुम्ही? स्वतःची झाडं सोडून मला मत दिलंत?"

हेडमास्तरांनी तोंड उघडलं. हिच्याकडे पाहिलं. मिटलं. चाळीस वर्षं पोरांना धाकात ठेवणारा माणूस, पण पार विरघळला.

"म्हणजे... तुमचे गुलाब बरे आहेत तसे."

"माझंपण गेलं हो मत!" काकू कळवळून म्हणाल्या. हिनं त्यांना मिठीच मारली! डॉक्टर काही बोलायच्या आत त्यांच्या हातात कॉफीचा कप आला. तासभर आमच्या बाल्कनीत सगळी इमारत दाटीवाटीनं उभी होती. "याला खत कुठलं घालता?" हेडमास्तर एका कळीपुढे वाकून विचारत होते. मी इतका आनंदी आणि इतका घाबरलेला एकाच वेळी कधीच नव्हतो.

सोमवारी वाचनालयाचा निरोप आला. आमच्या इमारतीतली मतं संशयास्पद, सगळी रद्द! सगळ्यांनी वाचनालयात येऊन कागदावर मत द्यावं. सगळे गेले. आणि निकाल? आमची ही नऊ मतांनी पहिली!

"एवढी कॉफी प्यायल्यावर निवडुंगाला मत देववेना," हेडमास्तर पुटपुटले. हिनं बक्षिसाची मोठी कुंडी छातीशी धरली. टाळ्या वाजवताना माझे तळवे लाल झाले. सुटलो, असं वाटलं!

तेवढ्यात ग्रंथपाल बाईंनी नियमाप्रमाणे रद्द मतांची यादी फळ्यावर लावली. ही सहज वाचायला गेली. सतरा ओळी, सतरा वेगळाले आयपी अ‍ॅड्रेस. आणि त्यांच्यापुढे मतदाराचं नाव. माझं! वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सतराच्या सतरा वेळा! हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला आणि हजेरी घ्यावी तशी ती यादी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सहाव्या ओळीला काकू खाली बसल्या. अकराव्या ओळीला ही इतकी हसायला लागली, की कुंडी डॉक्टरांना धरावी लागली.

"अहो," ही डोळे पुसत म्हणाली, "पत्ता सतरा वेळा बदललात, मग नाव कशाला लिहिलंत?"

"त्या चौकटीपुढे लाल चांदणी होती. म्हणजे भरणं सक्तीचं असतं."

"मग निदान खोटं तरी लिहायचंत!"

"फॉर्मवर? खोटं?" मी दचकलोच. "छे, छे! असली लबाडी मला नाही जमत!"