आधी जीभ, मग तांडा

जिंतूर तालुक्यातील व तालुक्याबाहेरील तमाम पर्यटकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, व्यंकटअण्णांना जीभ दाखवल्याशिवाय कोणालाही तांड्यावर मुक्कामाला जाता येणार नाही. पद, पगार, पुण्यातला पत्ता, काही चालणार नाही. जीभच लागेल.

व्यंकटअण्णा माझे शेजारी. जनावरांच्या दवाखान्यात जन्मभर मलमपट्ट्या करून निवृत्त झाले, पण नजर अजून गोठ्यातच आहे. पाहुणा जीपमधून उतरला की ते आधी चाल बघतात, मग डोळे, मग जीभ. परवा एका बँक मॅनेजरांना त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि माझ्या कानात सांगितले, "मागचा डावा जरा लंगडायलाय. पण वैरण खाईल."

तांडा बंजाऱ्यांचा. तिथल्या बैलांना सुया टोचण्यात अण्णांची तीस वर्षे गेली. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, माणसे ऊसतोडीला जातात, आणि मागे उरतात कुलपे, चार म्हाताऱ्या आणि कुत्री. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या डोक्यात आले, पाहुणे इकडे आले तर इकडची माणसे तिकडे कशाला जातील? मग बायका पाहुण्यांना भाकरी रांधून घालू लागल्या, कशिद्यात आरसे बसवायला शिकवू लागल्या. यंदा पाच घरांनी शब्द दिला होता: पुण्याची सहल कंपनी थंडीभर पाहुणे पाठवणार असेल, तर आम्ही ट्रकात बसत नाही.

कंपनीच्या बाई दहा पाहुणे घेऊन पाहायला आल्या. दहाही जिभा पास झाल्या. जेवण झाले, कशिदा झाला, आणि बाईंनी ढावलो ऐकायचा हट्ट धरला. ढावलो म्हणजे सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, ते गाणे.

तांड्यातल्या थोरल्या धानीबाई, ज्यांना सगळे याडी म्हणजे आई म्हणतात, त्यांनी साफ नाही म्हटले. पोर जायची नसताना ढावलो गायला की तांडा रिता होतो, म्हणाल्या. आमची एकही पोर मी नवरी म्हणून बसवणार नाही. बाईंनी वही मिटली. पाच घरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मुकादमाचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता.

"मला बसवा," अण्णा म्हणाले. "मी काय तांड्याची पोर न्हाई."

याडींनी त्यांच्या मिशांकडे नीट पाहून घेतले. ही नवरी फुकट दिली तरी कुणी न्यायचे नाही, तेव्हा तांडा रिता व्हायची भीती नाही, असा त्यांनी निकाल दिला.

आरशांच्या ओढणीतून मिशा बाहेर डोकावत होत्या. नवरीला ढावलो थोरल्या बायकाच शिकवतात, म्हणून याडी एक ओळ म्हणत आणि अण्णा ती बुजलेल्या बैलाला आवरावे तशा आवाजात परत म्हणत. पाहुणे हसून लोळायचे बाकी होते. मीही त्यांतलाच.

मग रिवाजाप्रमाणे याडींनी त्यांना जवळ घेतले, पाठीवर हात ठेवला. आणि अण्णांच्या तोंडून तिसरी ओळ येईना.

थंडीत अण्णांची मोपेड रोज दुपारी तांड्याकडे जाते, हे मला ठाऊक होते. बैलसुद्धा ऊसतोडीला गेलेले असतात, मग तपासता काय, असे एकदा विचारले होते. कुत्र्यांना भाकरी टाकतो, म्हणाले. घरी एकट्याला भाकरी उरते. मी त्यावर विनोद केला होता.

बाईंनी निघताना थंडीभराचे पाहुणे कबूल केले, हे आत्ताच सांगून टाकतो. चार दिवसांनी ट्रक आला, पण त्या पाच घरांतले कुणी त्यात चढले नाही. कशिद्याने बाईंचे मन वळले असेल, भाकरीने वळले असेल. पण मला वाटते, त्या ओळीच्या जागी अण्णा जे बोलून गेले त्याने. नवरीने म्हणायचे असते, मी निघाले, मला विसरू नका. अण्णांनी याडींचा खांदा घट्ट धरला आणि त्यांच्या तोंडून निघाले,

"याडी, मी हितंच हाय. यंदा तुमी कुणीबी नका जाऊ."