मापसाहेबांच्या फळ्या

"सुतार? सुतार कशाला हवाय?" मापसाहेब फोनवर इतक्या जोरात म्हणाले की पलीकडे साडूने फोन कानापासून हातभर लांब धरला असणार. "स्वयंपाकघराला लागतं काय? चार फळ्या आणि थोडा रंग! तुमच्या सुताराने जेवढे उकळले ना साडूभाऊ, त्याच्या पावपट खर्चात करून दाखवतो. रविवारी तिघंही बघायला या!"

मापसाहेब वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासून त्यांची अशी पक्की समजूत झाली होती की माप चुकतं ते दुसऱ्याचं. बायको चार दिवसांसाठी धाकट्या बहिणीकडे, म्हणजे या साडूकडेच गेली होती. साडूने नुकतंच सुताराकडून स्वयंपाकघर नवंकोरं करून घेतलं होतं आणि त्याचे फोटो तो ऊठसूट पाठवत असे. परवाच्या फोटोखाली तर त्याने लिहिलं होतं, 'तुमच्याकडे कधी?' मापसाहेबांना दोन घास कमी गेले.

त्यांनी रजा टाकली. जुनी कपाटं खिळखिळी करून उतरवली, त्यांचंच लाकूड घासून फळ्या केल्या आणि स्क्रू आणायला दुकानात गेले.

"फळ्या किती उंचीवर लावणार, साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"डोळ्यांसमोर! माणूस उभा राहिला की सगळं दिसलं पाहिजे."

"कुठला माणूस?"

"म्हणजे काय? मी!"

दुकानदाराने स्क्रू मोजायला घेतले. निरीक्षकाची चूक काढून कुणाचं भलं झालंय?

मापसाहेब सहा फूट उंच. पहिलं भोक त्यांनी बरोबर नाकासमोर पाडलं. भिंतीचा गिलावा असा खाली आला की भोकात मूठ मावली. मग ते चार बोटं वर सरकले. तिथे फळी लागली, पण तिरकी! ती सरळ करताना अजून चार बोटं वर. मग ओट्यामागे टाइल्सचे स्टिकर चिकटवले, ते वाकडे बसले, तो वाकडेपणा झाकायला वर आणखी एक रांग लावावी लागली. म्हणजे फळी पुन्हा वीतभर वर! प्रत्येक चुकीला एक पायरी, असा फळीचा प्रवास चालला होता. एवढ्या भराभर बढत्या मापसाहेबांना नोकरीत कधी मिळाल्या नव्हत्या.

खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर आल्या. "अहो, तुमच्या ठोकाठोकीने माझं भिंतीवरचं घड्याळ पडलं!" मग त्यांची नजर वर गेली. "अगं बाई! आणि इतक्या वरचं काढणार कोण?"

"कोण म्हणजे? हात वर केला की झालं!" मापसाहेबांनी हात वर केला आणि डबा काढून दाखवला.

"हो, तुमचा पोचतो खरा," काकू म्हणाल्या आणि आल्या तशा खाली गेल्या. पडलेल्या घड्याळाची भरपाईसुद्धा मागितली नाही. मापसाहेबांना वाटलं, बाई भारावून गेल्या!

शनिवारी बायकोचा फोन आला. "अहो, सगळं हाताशी ठेवलंय ना?"

"अगदी हाताशी!" मापसाहेब छाती फुगवून म्हणाले.

रविवारी तिघं आली. स्वयंपाकघर खरंच देखणं दिसत होतं. फिकट निळा रंग, चार फळ्या, फळ्यांवर एकसारखे वीस पांढरे डबे. नाव एकावरही नाही, कारण नावाने म्हणे शोभा जाते.

बायकोने चहा टाकायला म्हणून हात वर केला. ती मापसाहेबांच्या खांद्याच्याही खाली. टाचा उंचावल्या. हात पोचला तो सगळ्यात खालच्या फळीच्या बुडाला. स्टूल घेतलं, वर चढली. दुसऱ्या फळीवरच्या डब्याला नुसतं बोट लागलं, डबा जागचा हलला नाही.

साडूच्या मिशीत हसू मावेना. त्याने खिशातून फोन काढला. "सुताराला लावू का, साडूभाऊ? माझं नाव सांगितलं की तो उद्याच येईल."

आज सुतार आला की मापसाहेबांची जन्मभर या माणसापुढे मान खाली! काहीतरी बोलणं भाग होतं. पडलो तरी नाक वर!

"चुकलेलं नाही ते!" मापसाहेब गरजले. "मुद्दाम केलंय!"

"मुद्दाम?" साडू.

"मुद्दाम! हिने इतकी वर्षं राबायचं आणि आपण बसून खायचं? लाज वाटली मला. म्हणून फळ्या माझ्या मापाने लावल्या. यापुढे ओट्यापाशी मी!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. पण तोवर उशीर झाला होता. बायको स्टुलावरून उतरली, खुर्ची ओढून निवांत बसली. "ऐकलंस ना गं? तू साक्षीला आहेस," ती बहिणीला म्हणाली. "अहो, मग चार कप टाका. मला कमी साखर."

धाकटी बहीण मात्र फळ्यांकडे टक लावून बघत होती. तिने मोबाईल काढून फोटो घेतला. "भाऊजी, धन्य आहे तुमची! ताई, नशीब काढलंस! अहो, ऐकलंत का, आपल्याकडेही अश्शाच करून घेऊ!"

"आपलं आत्ताच तर नवं केलंय!" साडूचं हसू मिशीतच वाळलं. "आणि मी केवढा? माझाही हात पोचायचा नाही!"

"मग तुम्हाला स्टूल घेऊ. चांगलं भक्कम."

बहिणी गप्पा मारत बाहेरच्या खोलीत गेल्या. साडूने मापसाहेबांचा दंड धरला. "साडूभाऊ, पाया पडतो. सुताराचे पैसे मी देतो. पण या फळ्या आजच्या आज खाली घ्या! हिने फोटो काढलाय हो!"

"आता कशा घेऊ?" मापसाहेब रडकुंडीला आले होते. "तुमच्यासमोर बोलून बसलोय! ते जाऊ द्या. यातली साखर कुठली असेल?"

दोघांनी वीस डब्यांकडे पाहिलं. मापसाहेबांनी अंदाजाने एक काढला. आत पांढरी पूड. दोघांनी एक-एक चिमूट जिभेवर टाकली.

खायचा सोडा होता. पण दोघांपैकी कुणीही थुंकलं नाही. बाहेर बायका बसल्या होत्या.